अकरा घरांची यादी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परदेशातल्या आमच्या या गावात, हर्नडनमध्ये, सगळ्या गाड्या एका रंगाच्या होतात. ओक आणि पाइनचे परागकण झडत राहतात आणि पार्किंगमधली काळी, पांढरी, लाल, प्रत्येक गाडी हळदीत लोळवल्यासारखी दिसते. मी त्याची तयारी मार्चमध्येच करते. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, गाडीचा नवा फिल्टर, खिडक्या उघडू नयेत म्हणून फ्रिजवर चिठ्ठी. नवरा म्हणतो, "अगं, पराग आहेत. पूर येणार नाहीये." तो बरोबर आहे. पण तरीही एखाद्या सकाळी घाईत मी बॉनेटवर हात टेकते, आणि बोटांना ती पूड लागते. मऊ, कोरडी, पुसायला गेलं की आणखी पसरणारी. रंग वेगळा, पण बोटांना रंग कळत नाही. बोटांना फक्त आठवतं.

काही वर्षांपूर्वी मी एका शांतता मोहिमेत मानवी हक्क अधिकारी होते. देशाचं नाव मी लिहीत नाही, गावाचंही नाही. तिथे धूळ तांबडी होती. कोरड्या हंगामाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत ती हवेतून खाली बसतच नसे. चहाच्या काचेच्या ग्लासच्या तळाशी ती असे, वहीच्या शिवणीत असे, कानामागे असे. जनरेटरच्या डिझेलचा वास, उन्हानं ठिसूळ झालेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मोहरून गेलेली आंब्याची झाडं आणि पाट्यावर ज्वारी भरडणाऱ्या बाया. हो, ज्वारीच. पहिल्या आठवड्यात मी एका अंगणात बसून थापून भाकरी करून दाखवली, तर त्या बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. त्यांच्याकडे ज्वारीची घट्ट पेज होते. पिठाला असं चापट्या मारून कोणी शिक्षा देत नाही, असं त्यांनी दुभाष्यामार्फत मला कळवलं.

आमचा दुभाष्या इद्रिस. चाळिशीचा, मुळात भूगोलाचा शिक्षक, शाळा बंद पडली म्हणून आमच्याकडे आलेला. मला मॅडम म्हणायचा, आणि त्याचं म्हणणं मला पटलं नाही की तेवढ्याच आदरानं गप्प बसायचा.

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे कुठेतरी धावून जाऊन कोणालातरी वाचवणं. प्रत्यक्षात ते ऐकणं आणि लिहिणं आहे. काय झालं, कुठे, कोणी केलं, कोणी पाहिलं, पाहणारा किती अंतरावर होता, उजेड होता का. सांगणाऱ्याला रडू आलं तर थांबायचं, पाणी द्यायचं, आणि मग उजेडाचा प्रश्न पुन्हा विचारायचा. हे मला बरं जमायचं. मी मूळची याद्या करणारी बाई आहे. नागपुरात वकिली करतानाही माझी फाइल उघडली की अनुक्रमणिका पहिल्या पानावर मिळायची. दुःखाला क्रम लावला की ते कमी होत नाही, पण हातात धरता येतं, असं तेव्हा वाटायचं.

या कामाची एक रीत आहे, ती बाहेर फारशी माहीत नसते. तुम्हाला गावातल्या एका माणसाशी बोलायचं असेल तर तुम्ही अकरा घरी जाता. मी माझ्या वहीत बाकीच्या दहांना आडभेटी म्हणायचे. गाडी बाजारात लावायची, कारण पांढरी गाडी, तिची लांब अँटेना आणि दारावरची मोठाली अक्षरं गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतात. मग पायी निघायचं. प्रत्येक घरी तेवढाच वेळ बसायचं, प्रत्येक घरी वही उघडायची, प्रत्येक घरी काहीतरी लिहायचं. विहिरीला पाणी किती आहे, शाळेत मास्तर येतो का, ज्वारी काय भावानं गेली. ज्या घरासाठी आलो ते पहिलं नको, शेवटचंही नको. बघणारे बघतच असतात. त्यांना बघायला पुष्कळ द्यायचं, म्हणजे काय बघायचं ते कळत नाही.

माझ्या आडभेटींच्या याद्या इतर अधिकारी मागून न्यायचे. आमचे प्रमुख एकदा बैठकीत म्हणाले की तिचा दौरा म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक आहे. मला ते आवडलं होतं, हे कबूल करते.

जिच्यासाठी आम्ही त्या गावात अकरा घरं फिरायचो ती शिवणकाम करायची. नाव लिहिणार नाही. आमच्या कागदात तिला एक क्रमांक होता, तोही लिहिणार नाही. अंगणातल्या आंब्याखाली तिचं पायाचं मशीन होतं, आणि आम्ही कोपऱ्यावर वळण्याआधी त्याचा आवाज यायचा. बोलताना ती मशीन थांबवत नसे. आधी मला तो उद्धटपणा वाटला. नंतर इद्रिसनं सांगितलं की मशीन चालू असलं तर कुंपणापलीकडे शब्द जात नाहीत. म्हणजे ती तिच्या बाजूनं तिची रीत पाळत होती.

त्याआधीच्या हंगामात गणवेशातल्या माणसांनी गावच्या बाजारातून सहा जणांना उचलून नेलं होतं. त्यांत तिचा दीर होता. ते परत आले नाहीत. सरकार म्हणत होतं, ती आमची माणसं नव्हतीच, कोणीतरी गणवेश चोरून घातले असतील. आणि हिनं तर गावाजवळच्या सरकारी तुकडीचे गणवेश दुरुस्त केलेले. नेणाऱ्यांतल्या एकाच्या खिशावर तिला तिचीच शिवण दिसली होती. खाकी दोरा संपला म्हणून तिनं निळा वापरला होता.

एवढा पक्का पुरावा मी वकिलीतही क्वचित पाहिला. आणि तो वापरता येणार नव्हता. निळ्या दोऱ्याचा उल्लेख अहवालात आला असता तर तो कोणी सांगितला हे शोधायला त्या तुकडीला अर्धा दिवससुद्धा लागला नसता. म्हणून तिला जपण्यासाठी आम्ही दोरा गाळला. हे योग्यच केलं. तिला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली आणि म्हणाली, "मग माझ्याकडून घेतलंत काय?" इद्रिसनं भाषांतर केलं, जरा सौम्य करून. त्याचा चेहरा पाहून मूळ वाक्य किती कडक होतं ते मला कळलं.

*

प्रज्ञाचा फोन दरवर्षी याच दिवसांत येतो. ती नागपूरची, इथे एका कंपनीत डेटाबेस सांभाळते आणि आमच्या मंडळाचा जयंतीचा कार्यक्रमही. कम्युनिटी सेंटरचा हॉल, निळी तोरणं, आधी वंदना, मग मुलांची भाषणं, मग पाहुण्याचं मनोगत, मग जेवण. गेली काही वर्षं पाहुणी मीच असते, कारण माझ्यावर विमानाचं तिकीट लागत नाही.

"ताई, तुमचा वीस मिनिटांचा स्लॉट ठेवलाय. ते अकरा घरांचं सांगाल ना? मुलांना खूप आवडतं."

"तेच तेच काय सांगू दरवर्षी?"

"अहो, नवीन फॅमिलीज आल्यात. आणि जरा पॉझिटिव्ह ठेवा हं. मागच्या वर्षी त्या दुसऱ्या वक्त्यांनी सगळ्यांना डिप्रेस केलं. लहान मुलं असतात."

पॉझिटिव्ह ठेवणं मला जमतं. माझ्या भाषणाचे मुद्दे एका कार्डावर आहेत, ते कार्ड मी बदललेलं नाही. भाकरी, हशा, ज्वारीचा भाव, आडभेटी, मशीनचा आवाज. इथे मी क्षणभर थांबते, आणि म्हणते की आपला समाज साक्षीदाराचं महत्त्व जाणतो. टाळ्या पडतात. मुलं इंग्रजीत विचारतात, तुमच्याकडे बंदूक होती का. मी नाही म्हणते, आणि त्यांचा रस संपतो.

कार्डावर पावसाआधीचा तो शेवटचा आठवडा नाही.

पाऊस आला की तिथला रस्ता चार महिने बंद व्हायचा. ढग यायला लागले होते. अहवाल मुख्यालयात पोहोचला होता आणि तिथून एक प्रश्न आला. निळा दोरा गाळल्यामुळे ओळखीचा धागा कच्चा राहिला होता. तर उचलून नेणाऱ्यांच्या गणवेशावर बिल्ला कोणत्या खांद्यावर होता, हे साक्षीदाराकडून नक्की करून घ्यावं. त्या तुकडीचा बिल्ला डाव्या खांद्यावर असतो. एका शब्दाचं काम. तळटीप द्यायची होती.

आमच्यासोबत मोहिमेच्या सैनिकांचं वाहन असल्याशिवाय बाहेर पडता येत नसे, आणि त्या दिवशी ते आम्हाला फक्त दोन तासांसाठी मिळालं. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. मी आदल्या संध्याकाळी यादी घेऊन बसले. अकरा घरं वीस मिनिटांत होत नाहीत. पाच होत नाहीत. तीनही नाहीत, नुसतं बाजारातून चालत जायचं तरी. मी एकेक नाव खोडत गेले. कामाचा भाग म्हणून, शांतपणे, जसं सामानाच्या यादीतून जड वस्तू काढतात. शेवटी एकच घर राहिलं आणि गाडी तिच्या कुंपणाशी लावायची असं ठरलं.

गावात शिरताना इद्रिस म्हणाला, "मॅडम, विहिरीपाशी दोन मिनिटं थांबू या का? उगाच. कोणाशीतरी बोलू."

"वेळ कुठे आहे?"

"मग प्रश्न राहू द्या. पावसानंतर विचारू."

"पावसानंतर अहवाल निघून गेलेला असेल."

तो गप्प बसला. तो कसा गप्प बसायचा ते वर लिहिलंच आहे.

आम्ही उतरलो तेव्हा मशीनचा आवाज थांबला. त्या अंगणात मी तो थांबलेला पहिल्यांदाच ऐकला. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही, आमच्या मागे पाहिलं, गाडीकडे, आणि गाडीच्या मागे उभ्या सैनिकांच्या वाहनाकडे. मग तिनं खुर्ची पुसून दिली. सात मिनिटं बसलो. तिनं आपल्या डाव्या खांद्यावर हात ठेवून दाखवला. मी लिहिलं, तारीख घातली, बरोबरची खूण केली. आम्ही वेळेत परत पोहोचलो. उलट थोडा वेळ हाताशी उरला होता.

त्या खुणेचा आनंद मला आठवतो. हे सगळ्यात वाईट आहे. तांबड्या धुळीनं भरलेली वही, पहिल्या ढगांची सावली, अंगात शीण, आणि काम पुरं झाल्याचा तो नीटनेटका आनंद.

*

मला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या वस्तीत शहरातून चौकशी समिती आली होती. विहिरीवरून मारहाण झाली होती, त्याची. जीप थेट आत्याच्या ओट्याशी थांबली. चांगली माणसं होती. जमिनीवर बसली, आत्याचं सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, चहा प्यायली. शेजारच्या तीन घरांतून ग्लास गोळा करून आणले होते. संध्याकाळी जीप गेली, आणि त्या हंगामात आत्याला कापूस वेचायला कोणीही बोलावलं नाही. त्यांचा अहवाल पुढे कुठेतरी छापून आला म्हणतात. आत्याला तो वाचता आला नसता, आणि कोणी आणूनही दिला नाही. ती एवढंच म्हणायची, "माणसं चांगली होती वो. पण गाडी जरा दूर लावायची होती."

मी या वाक्यावर वाढले. आणि पुढे पगार घेऊन, प्रशिक्षण घेऊन, तीच गाडी तशीच लावली.

पावसानंतर रस्ता उघडला त्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. या वेळी पूर्ण यादी, सगळी अकरा घरं. तिचं आठवं होतं. कुंपण होतं, आंबा होता, त्याखाली मशीनच्या पायांचे चार खड्डे होते आणि त्यांत पाणी साचलं होतं. दार बाहेरून बांधलेलं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं की ती बहिणीकडे गेली. पुढच्या घरातल्या माणसानं सांगितलं की इथे अशी कोणी बाई राहतच नव्हती. त्याच्या अंगात जो सदरा होता त्याची कॉलर तिनंच पालटली होती, आमच्यासमोर. बाकीच्या घरांनी विहिरीला पाणी भरपूर आहे असं सांगितलं. आम्ही प्रत्येक घरी सारखाच वेळ बसलो.

मी प्रमुखांकडे लेखी दिलं. माझा निर्णय, माझी चूक, क्रमानं, वेळांसकट. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "तू गेलीस म्हणून ती गेली, हे सिद्ध होतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही होत. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, आणि माझ्याकडे एकही नाही. ते म्हणाले, "मग हे फाइलला लावू नकोस." दयाळू माणूस होता. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं, आणि तेच मला अजून सहन होत नाही. कोणी माझ्यावर ओरडलं असतं तर मी बचाव तरी केला असता.

इद्रिसनं कधीच काही म्हटलं नाही. पुढे त्या सरकारनं मोहिमेला निघून जायला सांगितलं, तेव्हा सामानाची यादी माझ्याकडेच आली. खुर्च्या, फ्रिज, पंखे, गाड्यांच्या अँटेनासुद्धा. एकही वस्तू कमी भरली नाही. निघायच्या दिवशी इद्रिस म्हणाला, "मॅडम, माणसांची अशी यादी नाही का करत?" मला वाटलं तो स्वतःबद्दल बोलतोय, त्याची नोकरी जात होती. मी त्याला शिफारसपत्र दिलं.

*

या वर्षीची जयंती परवा झाली. मी कार्ड घेऊन गेले, बोलले, टाळ्या पडल्या. जेवणानंतर बाया डबे आवरत होत्या, मुलं बाहेर पिवळ्या झालेल्या गाड्यांवर बोटानं नावं लिहीत होती. मी खुर्च्या मिटत होते. प्रज्ञाचे वडील मदतीला आले. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले, काकाच म्हणतो आम्ही. जिल्हा न्यायालयात समन्स बजावण्याची नोकरी केली त्यांनी. आयुष्यभर लोकांची दारं वाजवली.

"भाषण चांगलं झालं," ते म्हणाले. "मंग त्या शिवणवाल्या बाईचं काय झालं?"

"अहवाल दिला आम्ही, काका."

"अहवाल तर आपल्याइकडेपण देतात. बाईचं विचारून राहिलो मी."

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिथेच, दोघांच्या हातात एकेक खुर्ची असताना, सगळं सांगितलं. दोन तास, खोडलेली नावं, कुंपणाशी लावलेली गाडी, बांधलेलं दार. मध्ये ते एकदाच बोलले, "समन्स घेऊन जायचो न, तर साक्षीदाराच्या गल्लीत मी साध्या शर्टात जात जाऊ. पट्टा-बिल्ला पिशवीत. साहेब रागवायचे."

"हो," मी म्हटलं.

"मंग शोधली का तिला?"

"नाही. शोधायला कोणाला पाठवलं की परत तिच्याकडेच बोट दाखवल्यासारखं होतं. जिवंत असेल, लपली असेल, तर तिला त्रास. तसा नियमच आहे."

काकांनी खुर्ची भिंतीला लावली. "नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "सोयीचा पण आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी कितीतरी वेळा इद्रिसचा नंबर उघडून बंद केला आहे, आणि दर वेळी नियमाचंच नाव घेतलं आहे. नियम नसता तर मला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

"आणि ते खांद्याचं?" काका अजून कोर्टातच होते. "डावा का उजवा. ते कामी आलं का पुढे?"

खोटं बोलता आलं असतं. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं असतं आणि माझंही एक वर्ष निघालं असतं.

"नाही," मी म्हटलं. "अहवाल लांब होत होता. छापताना ती तळटीप काढली."

काकांनी पुढची खुर्ची मिटली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला प्रज्ञा सगळ्यांना व्यासपीठासमोर गोळा करत होती. "बाबा, फोटोला या न. ताई, तुम्ही पण. चला, हॉल चारला रिकामा करायचाय."

"जा," काका म्हणाले. "पाहुणे आहात तुम्ही."

ते स्वतः आले नाहीत, खुर्च्या मिटत राहिले. मी गेले. प्रज्ञानं माझ्या खांद्याला धरून मला मधोमध उभं केलं, आणि समोर फोन धरलेल्या माणसानं सगळ्यांना जरा जवळ यायला सांगितलं.